चाकामागचा हात

नर्सबाईंची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि मिस्त्रीणबाईंचा भाजी निवडणारा हात थांबला. स्पीडब्रेकरवर एकदा ‘टण्ण’ झालं. मग गॅरेजकडे वळताना पुन्हा झालं, या खेपेला जास्त खणखणीत, रिकाम्या हंड्यावर कुणी पळी आपटावी तसं. ही तिसरी खेप. दोनदा दुरुस्त होऊन गेलेली गाडी तोच आवाज घेऊन पुन्हा दारात उभी, असं या दारात आजवर झालं नव्हतं.

शटरच्या कडेची खुर्ची मिस्त्रीणबाईंची. त्या नसल्या तरी तिच्यात कुणी बसत नसे. गिऱ्हाईक उभं राहायचं, पाहुणा पायरीवर टेकायचा. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, तीही अर्धी. पण चाळीस वर्षं त्या खुर्चीत बसून कुठली गाडी कुठे दुखतेय ते त्या कानाने सांगायच्या. आणि जीभ अशी, की वाकडं बोलायला आलेला माणूस सरळ होऊन, कधीकधी गाडीही न दाखवता परत जायचा.

“काकू, राग मानू नका,” नर्सबाई उतरता उतरताच म्हणाल्या. ही बाई वस्त्यावस्त्यांवर फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या जखमा बांधायची, इंजेक्शनं द्यायची. रस्ते असे की गाडीचं पोट घासायचं. म्हणून तिने मूळच्या दबलेल्या स्प्रिंगा काढून बाहेरच्या कंपनीच्या, उंच आणि जाड तारेच्या घेतल्या, आणि बसवायला इथे आली. “आता मी पोचायच्या आधीच माझे पेशंट उठून बसतात. म्हणतात, तुमच्या गाडीला खोकला झालाय, पहिली सुई तिला द्या.”

मिस्त्रीणबाई हसल्या नाहीत. “संध्याकाळी न्या,” म्हणाल्या.

“नेते. उद्या सकाळी डोंगरावरच्या वस्तीवर जायचंय.” नर्सबाई जराशा अडखळल्या. “आणि आजही नाही सापडलं तर एकदा दुसरीकडे दाखवू का? तुमचा मान ठेवूनच विचारते.”

“दाखवा की. ते लोक हात टेकून गाडी शेवटी इथेच पाठवतील. तुमचाच एक हेलपाटा वाढेल.”

नर्सबाई हसून पिशवी खांद्याला लावून चालत गेल्या. पण ‘दुसरीकडे’ हा शब्द काही त्यांच्याबरोबर गेला नाही. तो भाजीच्या ताटात पडून राहिला, खड्यासारखा.

आतून मिस्त्री फडक्याला हात पुसत आले. मिस्त्री बोलायला कंजूष. लग्न झाल्यावर बोलण्याचं खातं त्यांनी बायकोकडे सोपवलं ते कायमचंच. गाडीभोवती एक फेरी मारून ते पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले. पहिल्या खेपेला त्यांनी खालची जोडदांडी बदलली होती. दुसऱ्या खेपेला शॉकअपच्या माथ्यावरचं बेअरिंग. सगळे बोल्ट पुन्हा आवळले होते. फक्त स्प्रिंगचं खालचं टोक उघडून बघितलं नव्हतं, कारण त्या टोकावर त्यांचं बोट फिरलेलं होतं.

हे बोट म्हणजे या गॅरेजचा कायदा. स्प्रिंगचं खालचं टोक एका लोखंडी वाटीत बसतं आणि त्या वाटीत एक पायरी असते. टोक पायरीला टेकलं पाहिजे. नखाएवढी फट चालते, बोटाएवढी नाही. दुसऱ्या गॅरेजांत खडूने खुणा करतात, आरसा धरतात, टॉर्च मारतात. इथे मिस्त्री चाकामागे डावा हात घालायचे, डोळे मिटून मधलं बोट त्या टोकावरून फिरवायचे आणि म्हणायचे, “बसली.” बसली म्हटलं की बसली. त्यानंतर तिकडे कुणी बघायचं नाही.

कुणी बघितलंच नव्हतं असं नाही. तीन महिन्यांपूर्वी थोरल्याने बघितलं होतं. धाकटा नोकरीसाठी परगावी गेला, थोरला बापाच्या हाताखाली राहिला. आता त्याच्याही कानशिलावर पांढरे केस आले होते. दुसऱ्या एका गाडीला मिस्त्रींनी “बसली” म्हटल्यावर हा हळूच टॉर्च घेऊन वाकला. मिस्त्रीणबाईंनी खुर्चीतून बघितलं, आणि दोन गिऱ्हाइकं उभी असताना सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “तुझ्या बापाच्या बोटाला डोळे आहेत. तुझ्या डोळ्यांना आधी बोटं फुटू देत, मग वाक.” गिऱ्हाइकं हसली. थोरल्याने टॉर्च फडक्यात गुंडाळून खालच्या खणात टाकली. त्यानंतर तो खण उघडला गेला नव्हता, आणि थोरला आईशी जेवण्याखाण्यापुरतंच बोलत होता. मिस्त्रीणबाईंना ते कळत नव्हतं थोडंच. पण आपण होऊन बोलायला जाणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

“फिरवतेस?” मिस्त्री चाकाकडे बघत म्हणाले.

मिस्त्रीणबाई उठल्या, गाडीत बसल्या, स्टिअरिंगला हात लावला. हे त्यांचं काम होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचं. तेव्हा हाताखाली कुणी नव्हतं. वर बसून चाक फिरवायला एक माणूस लागतं आणि खाली हात लावायला एक. नवरा-बायको मिळून दोन होत होते. त्याच वर्षी एका दुपारी मिस्त्रींनी त्यांचा हात धरून चाकामागे नेला होता, बांगड्या वर सारून, आणि स्प्रिंगवर ठेवला होता. मग स्वतः वर बसून चाक फिरवलं. हाताखाली काहीतरी पिळवटलं, ताणलं आणि ‘टण्ण’ करून उडालं. त्या किंचाळल्या होत्या. “मासा,” मिस्त्री वरून म्हणाले होते. “स्प्रिंग जागेवर नसली की अशी हाताखाली माशासारखी उडते. जागेवर असली की गप्प.” नव्या नवरीला कुणी काय देतं, कुणी काय. या माणसाने मासा दाखवला.

“डावीकडे,” मिस्त्री म्हणाले.

त्यांनी फिरवलं. टण्ण. नुसता आवाज नाही, पायाच्या तळव्यांना धक्का बसला.

“उजवीकडे.”

टण्ण.

“स्प्रिंग गप्प आहे,” चाकामागून आवाज आला. “आवाज वरून येतोय. नवं बेअरिंगच हलकं निघालं असणार.”

मिस्त्रीणबाईंचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. काचेतून समोर थोरला दिसत होता. पाने-पक्कड लटकवलेल्या फळीपाशी उभा, मान खाली. तो काही बोलला नाही. बोलला नाही यावरूनच त्यांना सगळं कळलं.

आवाज खालून आला होता. पाय खोटं बोलत नाहीत. स्प्रिंग उडत होती, आणि ज्या माणसाने मासा दाखवला त्याच्या हाताखाली मासा उडत होता, आणि तो माणूस म्हणत होता, गप्प आहे.

मग एकेक गोष्ट पुढे यायला लागली, बोलावणं नसताना पाहुणे यावेत तशी. हल्ली मिस्त्रींच्या हातून नट पडायचे. खाली वाकून शोधताना म्हणायचे, पूर्वीसारखे नट येत नाहीत, निसटते असतात. रोज सकाळी शर्टाची बटणं लावायला त्यांना पाव तास लागायचा, आणि त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “आटपा की, बोहल्यावर चढायचंय का?” रोज. वर्षभर. एकदा तर सुनेला हाक मारून दाखवलं होतं, बघ तुझ्या सासऱ्यांचा नट्टापट्टा. ते आरशासमोर तसेच उभे राहिले होते, तिसऱ्या बटणाशी झगडत, काही न बोलता. या माणसाचं न बोलणं त्यांनी आयुष्यभर आपल्या सोयीने वाचलं होतं.

आता “बरं, बेअरिंग बदला” म्हणणं सगळ्यात सोपं होतं. थोरला बदलेल. आवाज उद्याही येईल. पण उद्या ती बाई डोंगरावर जाणार, आणि मिस्त्रीच गिऱ्हाइकांना सांगायचे, की जागा सोडलेली स्प्रिंग आज नुसती ओरडते, पण कधीतरी वाटीतून बाहेर चढते आणि तिचं धारदार टोक वळणावर टायरला लागतं.

“अहो, उठा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बसा इथे. मी हात लावते.”

“तू?”

“मी. का, माझ्या हाताला काटे आहेत?”

“खाली बसवेल का तुला? गुडघे...”

“गुडघे माझे आहेत, त्यांचं मी बघते.”

मिस्त्री उठले. थोरल्याने न सांगता एक पोतं आणून चाकापाशी अंथरलं. मिस्त्रीणबाई दाराला धरून, मग टायरला धरून, एकदाच्या खाली टेकल्या. बांगड्या वर सारल्या. हात आत घातला आणि सगळ्यात खालच्या वेढ्यावर ठेवला.

“डावीकडे,” त्या म्हणाल्या. आयुष्यात सगळ्यांना हुकूम सोडले, हा एक राहिला होता.

ओलं लुगडं पिळावं तसा तो वेढा त्यांच्या मुठीत पिळवटला, ताणला, आणि उडाला.

मासा. तोच.

“काय?” वरून मिस्त्रींनी विचारलं.

मिस्त्रीणबाईंना शब्दांची वाण कधी पडली नव्हती. आज दोनच शब्द ओठांशी आले, ‘नाही हलत’, आणि ते किती मऊ होते. तेवढे बोलले असते तर वर बसलेला माणूस निदान आजचा दिवस मिस्त्री राहिला असता.

“हलतेय,” त्या म्हणाल्या.

“खालच्या वेढ्यावर ठेव हात.”

“खालच्याच वेढ्यावर आहे.” थोडं थांबून, “तुम्ही या इथे. थोरल्या, तू बस वर.”

मिस्त्री शेजारी येऊन बसले, पोत्याच्या उरलेल्या तुकड्यावर, खांद्याला खांदा लागेल असे. त्यांनी आपला डावा हात आत घातला आणि बायकोच्या हाताशेजारी त्याच वेढ्यावर ठेवला. दोघांनी वाकून चाकाच्या फटीतून बघितलं. उन्हाची एक तिरीप बरोबर बोटांवर पडली होती.

“फिरव,” मिस्त्री म्हणाले.

टण्ण. मिस्त्रीणबाईंचं बोट उडालं. त्यांच्या शेजारचं बोटही उडालं.

“पुन्हा.”

टण्ण. मिस्त्री आपल्या बोटाकडे बघत होते. ते उडालं, वेढ्यावर परत पडलं, आणि त्यांनी ते बघितलं, दुसऱ्या कुणाचं बोट उडताना बघावं तसं.

“पुन्हा,” ते म्हणाले. थोरल्याने फिरवलं. मग आपण होऊनच त्याने स्टिअरिंग सोडलं.

मिस्त्रींनी हात बाहेर काढला. मधल्या बोटाच्या पेराला आतल्या बाजूने आडवा काप गेला होता आणि रक्ताचा ओघळ मनगटापर्यंत येऊन वाळायला लागला होता. म्हणजे लागून बराच वेळ झाला होता.

“हे कधी लागलं?” त्यांनी विचारलं. बायकोला विचारलं, जणू तिला माहीत असणार.

मिस्त्रीणबाईंनी स्वच्छ फडक्याची पट्टी फाडली आणि बोट बांधलं. गाठ मारताना जरा जोरानेच आवळली, हा माणूस हात मागे घेतो का बघायला. त्याने घेतला नाही.

“थोरल्या,” मिस्त्री म्हणाले, “टॉर्च आण.”

खालचा खण अडकून बसला होता, दोन हिसके द्यावे लागले. थोरल्याने टॉर्च मारली, वाकला, बघत राहिला. स्प्रिंगचं टोक आणि पायरी यांच्यात चांगली दोन बोटं फट होती. बसवताना मिस्त्रींनी जुन्या स्प्रिंगखालचं रबरच पुन्हा घातलं होतं. नवी तार जाड, रबर तिला पुरेना, ते दुमडून पायरीपाशी उभं राहिलं होतं. त्याची ती कडक घडी बोटाला लागली होती, आणि बोटाने तिलाच टोक मानलं होतं.

“रबर दुमडलंय,” थोरला म्हणाला. “त्याच्यामुळे, बाबा, टोक आहे असं...” आणि थांबला.

मिस्त्रीणबाई वाट बघत होत्या. आता हा म्हणेल, मी तीन महिन्यांपूर्वीच वाकलो होतो. म्हणायला हवं होतं त्याने. “बोल की,” त्या म्हणाल्या. “गिळलंयस ते बोलून टाक.”

“काही नाही, आई. या तारेचं रबर आहे आपल्याकडे. दीड तासाचं काम.”

शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं. मिस्त्रीणबाईंनी त्याच्या हातातली टॉर्च काढून घेतली. “तू काम कर. मी धरते,” म्हणाल्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. दीड तास त्यांनी टॉर्च धरली, हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हाताने धरली, पण खाली ठेवली नाही.

चाक निघालं, शॉकअप निघाला, थोरल्याने शिकंज्याने स्प्रिंग दाबली, जुनं रबर फेकलं, नवं बसवलं, टोक पायरीला टेकवून खडूची रेघ मारली. वाटीवर एक, तारेवर एक. या गॅरेजमधली पहिली खडूची रेघ. दुसऱ्या बाजूचीही तशीच गत होती, जराशी कमी. तीही केली. काम चालू असताना एकदा मिस्त्रीणबाईंनी मागे वळून बघितलं. मिस्त्री त्यांच्या खुर्चीत बसले होते. बांधलेलं बोट मांडीवर उताणं ठेवून, गिऱ्हाइकासारखे. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी टॉर्च पुन्हा चाकाकडे वळवली.

गाडी खाली उतरली. थोरल्याने हात पुसले आणि सवयीने म्हणाला, “बाबा, बोट लावून बघता?” म्हणून झाल्यावर त्याचाच चेहरा उतरला.

“तुझ्या आईला बघू दे,” मिस्त्री उठत म्हणाले. “मी फिरवतो.”

मिस्त्रीणबाई पुन्हा पोत्यावर बसल्या. बोट टोकावरून फिरवलं. टोक पायरीला टेकलं होतं, नख जाईल एवढीही जागा नव्हती. वर मिस्त्रींनी चाक फिरवलं. डावीकडे. उजवीकडे. वेढा हाताखाली पिळला आणि तसाच सरळ झाला, झोपलेल्या लेकराने कूस बदलावी तसा.

“बसली,” त्या म्हणाल्या. तो शब्द त्यांच्या तोंडात दुसऱ्याच्या कवळीसारखा लागला.

वर चाक फिरतच होतं. डावीकडे, उजवीकडे.

“पुरे. बसली म्हटलं ना,” त्या म्हणाल्या.

मिस्त्री समोरच्या भिंतीकडे बघत होते आणि फिरवत होते, एखाद्या लांबच्या रस्त्याला लागल्यासारखे. त्यांनी ते कधी थांबवलं असतं कोण जाणे. पण शटरपाशी नर्सबाई येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा ते उतरले.

“सापडलं? काय निघालं हो, काकू?”

उत्तरं तयार होती. कंपनीची स्प्रिंगच वाकडी होती. रबर खराब आलं. बाहेरचा माल असाच असतो, तुम्हाला कुणी सांगितला होता घ्यायला. यातलं कुठलंही सांगितलं असतं तरी नर्सबाईंनी मान हलवली असती. मिस्त्रींनी बायकोकडे बघितलं नाही. थोरल्याने बघितलं.

“आमचंच चुकलं,” मिस्त्रीणबाई म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून. तुम्ही तीनदा आलात, आणि दोनदा आम्ही भलतंच बघत बसलो. आता बरोबर आहे. उद्या बिनघोर जा.”

नर्सबाईंचं लक्ष मिस्त्रींच्या पट्टीकडे गेलं. त्यांनी न विचारता तो हात हातात घेतला, तळवा उलटा केला, आणि एकेका पेरावर नखाने दाबत विचारलं, “काका, तिकडे बघा. हे कळतंय?”

“हो.”

“हे?”

“हो.”

दुसऱ्या वेळी त्यांनी दाबलंच नव्हतं. नर्सबाईंनी हात हळूच सोडला. “सोमवारी आरोग्य केंद्रावर या. साखर तपासू, बाकीचंही बघू. असं अंगावर काढायचं नाही.”

“मी आणते त्यांना,” मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

नर्सबाई गाडीत बसल्या. गाडी मागे आली, वळली, काही आवाज नाही. मग गल्लीच्या तोंडाकडे निघाली. शटरपाशी तिघेही उभे होते, आणि तिघांनाही माहीत होतं आपण कशासाठी उभे आहोत. पुढे स्पीडब्रेकर होता.

आयुष्यभर मिस्त्रीणबाईंनी गाडी जाताना कान टवकारले ते आवाज येऊ नये म्हणून. आज त्यांच्या मनात आलं, एकदा वाजू दे. एकदाच. म्हणजे चूक वरच्या बेअरिंगची असेल, रबराची नसेल, बोटाची नसेल. उद्या सकाळपर्यंत मी काय ते निस्तरीन.

गाडीची पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. गाडी मुकाट वळली आणि दिसेनाशी झाली.

“छान बसली,” मिस्त्री थोरल्याला म्हणाले, आणि हात धुवायला आत गेले.

बराच वेळ झाला तरी ते बाहेर येईनात. मिस्त्रीणबाई आत गेल्या. नळ वाहत होता, आणि मिस्त्री कामाचा शर्ट काढायला उभे होते, तिसऱ्या बटणाशी. मिस्त्रीणबाईंनी नळ बंद केला, पुढे जाऊन ते बटण काढलं, मग चौथं, मग पाचवं. मिस्त्रींनी हात बाजूला सोडले होते आणि हनुवटी वर धरली होती.

शटर खाली ओढायची वेळ झाली होती. थोरल्याने आईची खुर्ची आत घेतली, टॉर्च पुसली आणि पान्यांच्या फळीवर, हाताशी येईल अशा खिळ्याला अडकवली.